नॅशनल पार्कातला नवस

त्या रविवारी श्यामसुंदर तावड्यांनी एवढंच ठरवलं, की आज हर्षदसाठी थांबायचं नाही.

हर्षद शहा हा त्यांचा पळण्यातला जोडीदार. बोरीवलीत कापडाचं दुकान, गादीवर बसून वाढलेलं पोट आणि विशीतल्या पोराचा उत्साह. दर दोनशे पावलांनी तो बुटाची नाडी बांधायला खाली बसायचा. (नाडी सुटलेली नसायची, दम लागलेला असायचा. तावडे हे त्याला कधी बोलून दाखवत नसत, कारण त्याच थांब्यात ते स्वतःचाही दम गोळा करून घेत.) पण त्या दिवशी जानेवारीतली छान थंडी होती, पाय हलके वाटत होते. हर्षद खाली बसला तसे तावडे म्हणाले, "तू ये मागून," आणि नॅशनल पार्कातल्या त्या पायवाटेनं एकटेच पुढे निघाले.

पुढचं सगळं रामायण या तीन शब्दांतून घडलं.

तावडे वयाच्या पन्नाशीनंतर पळायला का लागले, हे आधी सांगायला हवं. विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. लोकांच्या ठोकलेल्या गाड्या आणि मोडलेले पाय कागदावर तपासता तपासता माणसाचं डोकं संध्याकाळपर्यंत तापतं, आणि तापलेलं डोकं कुठेतरी टेकवावं लागतं. तावडे रिक्षावाल्यांशी भांडत. गॅलरीतल्या कबुतरांशी भांडत. टीव्हीवरच्या बातमीदाराशी भांडत आणि तो ऐकत नाही म्हणून जास्तच चिडत. एकदा तर लिफ्टमधून 'कृपया दरवाजा बंद कीजिए' म्हणणाऱ्या त्या ध्वनिमुद्रित बाईशी तिसऱ्या मजल्यावर पाच मिनिटं भांडले, आणि शेवटचा शब्द बाईचाच राहिला.

डॉक्टरांनी रक्तदाब बघून सांगितलं, "चाला." तावडे चालायला लागले. चालताना डोकं आणखी तापायचं, कारण चालता चालता भांडणाची तयारी फार छान होते. मग एक दिवस पार्कात एका माकडानं त्यांच्या हातातली शेंगदाण्याची पुडी बघितली. तावडे डांबरी रस्ता सोडून रानात घुसले आणि जिवाच्या आकांतानं पळत सुटले. पुडी केव्हाच पडली होती, माकडही केव्हाच मागे राहिलं होतं, तावडे मात्र दहा मिनिटं पळतच होते. थांबले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या डोक्यात काहीच नाही. साहेब नाही, कबुतर नाही, सोसायटीचा पार्किंगचा वाद नाही. त्यांना आधी वाटलं आपल्याला काहीतरी झालंय. (या वयात डोकं असं एकाएकी रिकामं होणं काही चांगलं लक्षण नव्हे.) हळूहळू कळलं, की यालाच शांत वाटणं म्हणतात.

तेव्हापासून दीड वर्ष हा नेम चालला होता. रानातल्या वाटेची गोष्टच वेगळी. तिथे पायाखाली मुळं असतात, सुटे दगड असतात, उतारावर वाळलेला पाला असतो. मनातल्या मनात साहेबाला उत्तर द्यायला गेलात, की तोंडावर आपटलात. तावडे दोनदा आपटले आणि तिसऱ्यांदा साहेबाला विसरले. सकाळी साडेपाचला घर सोडायचं आणि पावणेआठला परत यायचं. या सव्वादोन तासांच्या जिवावर त्यांचा उरलेला दिवस निभत होता. कुणी त्यांना विचारलं असतं की तुमच्याकडे मौल्यवान असं काय आहे, तर त्यांनी घराच्या आधी या वाटेचं नाव घेतलं असतं.

तर त्या रविवारी तावडे या वाटेनं एकटे पळत होते. नीट उजाडलं नव्हतं. कारवीच्या वाळक्या झुडपांमध्ये धुकं बसून होतं. वळण घेतलं आणि डाव्या हाताला काहीतरी सळसळलं.

तावडे थांबले. सळसळही थांबली.

त्यांनी झुडपाकडे बघितलं. पानांच्या फटीतून पिवळसर अंग दिसत होतं, त्यावर काळे ठिपके. अंग दबा धरून बसलेलं होतं. हळूच वर-खाली होत होतं, म्हणजे श्वास चालू होता.

प्रवेशद्वाराजवळचा फलक तावडे दीड वर्ष रोज वाचत होते. बिबट्या दिसल्यास पळू नका. खाली वाकू नका. (जन्मात एकच गोष्ट धड शिकलो आणि नेमकी तिलाच बंदी, हे त्यांना तेवढ्यातही जाणवलं.) मागे हर्षदचा पत्ता नव्हता.

कोकणातल्या माणसावर अशी वेळ आली की त्याच्या तोंडून जे बाहेर पडतं, तेच तावड्यांच्या तोंडून बाहेर पडलं. बोरीवलीत जन्म गेला, शाळा-कॉलेज झालं, ऑफिसात इंग्रजीत पत्रं लिहिली. पण हात आपोआप जुळले, डोळे मिटले आणि त्यांनी गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं मांडलेला अर्ज. तो वाक्यावाक्यानं मांडायचा आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्या मंडळींनी 'व्हय महाराजा' म्हणून त्यावर जणू सही करायची. इथे मंडळी नव्हती. तावडे एकटेच होते.

"बा देवा रवळनाथा, महाराजा! ह्यो तुझो सेवक, श्यामसुंदर गोपाळ तावडो, आज रानात एकटो गावलो हा, महाराजा! तेच्या पाठीशी उभो रव! तेका सुखरूप घराक पोचव! पाच नारळ देतंय, महाराजा!"

झुडूप हललं.

"अकरा नारळ!"

तावड्यांनी एक डोळा किलकिला केला. पानांतून एक गोल, काळा, चकचकीत डोळा सरळ त्यांच्यावर रोखलेला होता. त्यांनी घाईघाईनं डोळा मिटला. नारळांवर हे भागणार नव्हतं. नवसाला आपलं सगळ्यात लाडकं ते द्यावं लागतं, हे आईनं लहानपणी हजारदा सांगितलं होतं. मासे सोडतो म्हणावं, असं मनात आलं. पण त्या अवस्थेतसुद्धा जिभेनं ते वाक्य उच्चारायला साफ नकार दिला. मग उरलं काय?

"महाराजा!" तावडे ओरडले. "आजपासून माझा पळणा बंद! परत ह्या वाटेक पाय ठेवूचंय नाय!"

आणि झुडपामागून खणखणीत आवाज आला, "व्हय महाराजा!"

तावडे मटकन खाली बसले. बिबट्या बोलतो, हे त्यांनी एक वेळ मान्य केलं असतं. पण तो मालवणी बोलतो म्हटल्यावर त्यांचं उरलंसुरलं बळ गेलं.

झुडपातून आधी एक लांबलचक कॅमेरा बाहेर आला, मग बायकोची पिवळी ठिपक्यांची शाल पांघरलेले विद्याधर परब. राहणार दिंडोशी, छंद पक्ष्यांचे फोटो काढणे आणि हुद्दा तावड्यांच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेचे सेक्रेटरी.

"अरे शाम्या, तू?" परब म्हणाले. "मी हयसर घुबडाचो फोटो काढीत बसलो होतंय. तुझा गाऱ्हाणा कानार पडला आणि तोंडातसून आपसूक इला बघ. गाऱ्हाण्याक गप रवाचा नसता."

"परबांनू," तावडे कसेबसे म्हणाले, "मला वाटलं बिबट्या आहे."

"असांदे. पण नवस काय झकास बोललंस! मी साक्षीदार हंय."

बिबट्या गेला होता, पण नवस तिथेच उभा होता.

एवढ्यात हर्षद धापा टाकत वळणावर आला. समोर तावडे जमिनीवर हात जोडून बसलेले आणि त्यांच्यासमोर शाल पांघरलेला एक माणूस उभा. हर्षदनं भक्तिभावानं कानटोपी काढली. "काय तावडेभाई, इथे कुठला महाराज आला?"

सगळा प्रकार ऐकल्यावर मात्र हर्षदमधला व्यापारी जागा झाला. "अरे, पण बिबट्या तर आलाच नाय! माल नाय आला तर पेमेंट कशाचा?"

"माल इलो नाय कसो?" परब म्हणाले. "हेणा देवाक काय सांगल्यान? सुखरूप घराक पोचव. आता ह्यो सुखरूप घराक जाता हा मा? मग?"

हर्षदनं कानटोपी परत चढवली. हिशोब चोख होता.

"परब," तावडे काकुळतीला आले, "हे आपल्या तिघांत राहू दे."

"देवाच्या कामात कसली लपवाछपवी?" परब म्हणाले आणि शाल झटकून परत घुबडाकडे गेले.

तावडे चालत घरी निघाले. (पळता येत नव्हतं. नवस लागू झाला होता.) घरी अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी वाटेत पक्कं केलं. पण चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा दारात आई उभी होती. जानकीबाई तावडे, वय एकोणऐंशी, हातात मोबाईल.

"इलंस?" आई म्हणाली. "ते बूट भायरच ठेव. आता तेंचा काय काम?"

मोबाईलवर ग्रामस्थ मंडळाचा ग्रुप उघडा होता. परबांनी फोटो टाकला होता. घुबडासाठी आणलेल्या भिंगातून काढलेला, त्यामुळे तावड्यांच्या मिटलेल्या पापणीचा केस न् केस मोजता येत होता. खाली मजकूर: 'आपले बंधू श्यामसुंदर तावडे यांनी श्री देव रवळनाथास धावण्याचा त्याग अर्पण केला.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. गावातून, दुबईतून, एक तर चक्क कॅनडातून.

"आई, अगं तो बिबट्या नव्हता, परब होते!"

"मग काय झाला? देव होतो मा?"

तावड्यांनी बूट बाहेर ठेवले.

त्यांची बायको उत्तरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. माहेर मुलुंडचं, नोकरी शाळेत गणित शिकवण्याची, आवाज कधी चढायचा नाही. तिनं फोटो बघितला. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे उद्यापासून तुम्ही सकाळी घरीच?"

तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली होती आणि चहा ओट्यावर ठिबकत होता. आपल्या दुःखानं बायको इतकी हलली, हे बघून तावड्यांना भरून आलं.

सोमवारी साडेपाचला तावडे सवयीनं जागे झाले आणि कॉटवर बसून राहिले. सहापर्यंत बसले. मग स्वयंपाकघरात गेले आणि उत्तराला मदत म्हणून मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. उत्तराला हळद सापडेना. मंगळवारी त्यांनी फोडणीत मोहरी किती तडतडली म्हणजे पुरे, यावर तिच्यामागे उभं राहून मार्गदर्शन केलं. बुधवारी आईच्या भजनाचा आवाज तीन वेळा कमी केला आणि आईनं तो चार वेळा वाढवला. गुरुवारी सव्वासहाला त्यांनी गंधालीच्या खोलीचे पडदे ओढले. गंधाली म्हणजे त्यांची मुलगी. ती परदेशी कंपनीचं काम करून पहाटे झोपायची.

"बाबा, यार!" गंधाली उशीखालून म्हणाली. "मी दोन तासांपूर्वी झोपलेय!"

"सूर्य उगवलाय," तावडे म्हणाले.

"मग त्याला ऑफिस असेल! मला नाहीये!"

डोक्यातला गलका परत आला होता. कबुतरं परत आली होती. पार्किंगचा वाद परत आला होता. लिफ्टमधली बाई पूर्वीपेक्षा उद्धट वाटायला लागली होती. पण तावडे खरे हादरले ते शुक्रवारी. टेबलासमोर एक म्हातारे गृहस्थ आले होते, पायाला प्लास्टर, हातात कागदांची पिशवी. एक सही चुकीच्या रकान्यात झाली होती, एवढंच.

"तुम्हाला वाचता येत नाही?" तावडे ओरडले. "मुळात तुम्ही पडलातच कसे?"

म्हातारे गृहस्थ पिशवी उघडून कागद गोळा करायला लागले. एक कागद त्यांच्या हातून दोनदा खाली पडला. तावड्यांनी तो उचलून दिला, सही स्वतः खूण करून योग्य रकान्यात घेतली, दोनदा सॉरी म्हटलं. तरी ते हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. दीड वर्षात त्यांनी टेबलावर आवाज चढवला नव्हता. आपण परत तोच माणूस व्हायला लागलोय, हे त्यांना स्वच्छ कळलं आणि त्या रानात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. त्या दिवशी डॉक्टरांकडे रक्तदाबाचा काटा दीड वर्षापूर्वीच्या जागी जाऊन बसला.

शनिवारी संध्याकाळी ते गॅलरीत उत्तराशेजारी जाऊन बसले.

"उत्तरा, मला भीती वाटते गं."

उत्तरानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "मलाही," ती म्हणाली.

मग ती उठून सरळ सासूकडे गेली. "आई, यातून काहीच मार्ग नाही का? तुमच्या देवाला विचारता येत असेल ना?"

जानकीबाईंनी जप थांबवला. आठ दिवसांत त्यांचंही एक भजन धड पुरं झालं नव्हतं.

"देवान घेतलेलो शब्द देवच परत देतलो," त्या म्हणाल्या. "कौल लावूक होयो."

कौल म्हणजे देवाचं उत्तर. गुरवानं देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओली फुलं लावायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडचं फूल आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. लग्नं, जमिनी, विहिरी, गावातलं सगळं याच्यावर ठरत आलेलं. त्यासाठी गावी जायला हवं होतं, पण तावड्यांना धीर नव्हता. गंधालीनं व्हिडिओ कॉलची युक्ती काढली. देवाला चालेल का, असं आईनं गुणाजी गुरवाला फोनवर विचारलं. गुणाजी म्हणाला, "देवाक सगळा चलता. रेंज गावूक होयी."

रविवारी सकाळी सात वाजता सगळे आंघोळी करून जेवणाच्या टेबलाभोवती बसले. मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवला होता. देवळात रेंज फक्त घंटेखाली यायची. त्यामुळे गुणाजीनं आपला मोबाईल घंटेच्या दोरीला बांधला होता. पडद्यावर देव अंगठ्याएवढा दिसत होता आणि मधूनमधून झुलत होता. गंधालीनं चित्र मोठं केलं. मूर्तीच्या खांद्यांवर दोन पांढरी फुलं होती. दोन ठिपके. तावड्यांची सगळी शांतता त्या दोन ठिपक्यांत येऊन अडकली होती.

गुणाजीनं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! तुझ्या लेकरान भियान शब्द दिल्यान, महाराजा! तो शब्द परत मागता हा! सोडूचो आसात तर उजवो दी, महाराजा!"

"व्हय महाराजा!" आई म्हणाली.

पाच मिनिटं गेली. कुणी हललं नाही. दूधवाल्यानं बेल वाजवली, कुणी उठलं नाही. दहा मिनिटं गेली. एवढ्यात उजवीकडचं फूल किंचित घसरलं. तावडे खुर्चीतून अर्धे उठले आणि चित्र गोठलं. देव थांबला, गुरव थांबला, फूल हवेत थांबलं.

"गंधाली!"

"बाबा, हात नका लावू! नेटवर्क आहे!"

पडद्यावर एक चक्र गोल फिरत राहिलं. तावडे त्या चक्राशी भांडले नाहीत. एवढी त्यांची अवस्था वाईट होती. मग खरखर झाली, चित्र हललं आणि गुणाजीचा आवाज आला.

"डावो पडलो."

"पण उजवं घसरलेलं मी बघितलं!" तावडे म्हणाले.

"घसारला, पन रवला. डावा पडला. देव नाय म्हणता."

आईनं हात जोडले. "ऐकलंस मा? आता गप रव."

तावड्यांनी मान खाली घातली. लहान मुलासारखं रडू यायला लागलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. बावन्न वर्षांत एक जागा सापडली होती, जिथे आपण स्वतःला सहन होत होतो. तीही आपल्याच तोंडानं देऊन बसलो.

तेव्हा उत्तरानं मोबाईल बरणीवरून उचलला. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं सासरच्या देवाकडे थेट असं काही मागितलं नव्हतं. सासूबाईंचा देव, सासूबाई बघतील, असा तिचा हिशोब. आता तिनं डोक्यावर ओढणी घेतली.

"गुरवकाका, मला विचारायचंय."

"परत तोच प्रश्न चलाचो नाय, वयनी."

"प्रश्न माझा आहे. यांचा नाही."

गुणाजीनं विचार केला. "माणूस वेगळो, प्रश्न वेगळो. विचारा." त्यानं फुलं नव्यानं लावली.

उत्तरा वर्गात प्रमेय सांगावं तशी बोलायला लागली.

"देवा महाराजा, दीड वर्ष हे रोज साडेपाचला घराबाहेर पडायचे आणि पावणेआठला परत यायचे."

"व्हय महाराजा," आई सवयीनं म्हणाली.

"त्या सव्वादोन तासांत मी एक कप चहा प्यायचे. गरम असताना. बसून."

"व्हय महाराजा," गंधाली म्हणाली.

"आई पाच भजनं ऐकायच्या. पूर्ण."

"व्हय महाराजा!" आईचा आवाज एकदम चढला.

"ही पोरगी झोपायची."

"व्हय महाराजा!!"

"आठ दिवस झाले देवा, माझ्या घरात माझी हळद मला सापडत नाहीये. पुढच्या वर्षी हे व्हॉलंटरी रिटायरमेंटचं बघतायत. मी तुझ्याकडे कधी सोनं मागितलं नाही, गाडी मागितली नाही. यांना पळू दे. ऊन असो, थंडी असो, यांना पळू दे, महा—"

"व्हय महाराजा!" हे पडद्यावरून गुणाजी ओरडला. त्यालाही राहवलं नव्हतं.

आणि उत्तराचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवीकडचं फूल टपकन पडलं.

"चाळीस वर्सा कौल लावतंय," गुणाजी म्हणाला, "पन इतक्या बेगीन देवाक बोलताना बघूक नाय."

आईनं हातातली जपमाळ खाली ठेवून सुनेला जवळ घेतलं. गंधालीनं टाळ्या वाजवल्या. अकरा नारळ मात्र द्यायचे, हे जागच्या जागी ठरलं. तावडे डोळे पुसत उत्तराकडे बघत होते. आपल्या पळण्यानं घराला एवढं सुख मिळत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता! आपण सुधारलो ते या बायकांनी मनात केवढं जपून ठेवलं होतं!

सोमवारी साडेपाचला तावड्यांनी बूट चढवले. हर्षद गेटवर पेढा घेऊन उभा होता. त्या सकाळसारखी सकाळ तावड्यांच्या आयुष्यात आली नव्हती. पाय आठ दिवस साठवलेला सगळा जोर काढत होते. मुळं आली, दगड आले, घसरडा उतार आला. तावडे कशावरही अडखळले नाहीत. डोकं असं रिकामं झालं की आत वारा फिरतोय असं वाटलं. एका वळणावर ते उगाचच मोठ्यानं हसले. रोजची फेरी त्यांनी इतक्या वेगानं पुरी केली, की नाडी बांधायला बसलेल्या हर्षदला ते फेरी संपवून परत येताना भेटले. हा आनंद आधी घरी सांगायला हवा, म्हणून ते तसेच पळत घरी आले. सात वाजून पाच मिनिटांनी त्यांनी बेल वाजवली.

आत भजन दणाणत होतं. गंधालीच्या खोलीत पंखा घरघरत होता. आल्याच्या चहाचा वास दाराबाहेरपर्यंत आला होता. दार साखळीएवढंच उघडलं. फटीत उत्तरा होती. केस मोकळे, हातात कप, कपातून वाफ येत होती. तिनं तावड्यांकडे बघितलं, मग मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"एवढ्यात?"

"चाळीस मिनिटं आधी!" तावडे धापा टाकत म्हणाले. "रेकॉर्ड!"

"कोण गो?" आतून आईनं विचारलं.

"हेच आलेत."

भजन बंद झालं. घरात कुणीतरी आजारी असावं तशी शांतता पसरली. गंधालीचा झोपेतला आवाज आला, "शिट, पावणेआठ वाजले?"

"चहा मिळेल का?" तावड्यांनी विचारलं.

"मिळेल की," उत्तरा प्रेमानं म्हणाली. "पावणेआठला."

दार हळूच लागलं. काही क्षणांत भजन पहिल्यापासून सुरू झालं.

तावडे जिन्यानं खाली उतरले आणि सोसायटीच्या आवारात पार्क केलेल्या गाड्यांभोवती पळायला लागले. अकराव्या फेरीला वॉचमननं खुर्चीतून विचारलं, "साब, इतना क्यों भागते हो?"

"मन शांत रहता है," तावडे म्हणाले.

कुणाचं, ते त्यानं विचारलं नाही.